दोन खाचांचा बोरू

आबा,

आपल्या ख्रिस्ती मंडळीनं मला तुमच्याविषयी दोन शब्द लिहायला सांगितलेत. रविवारी पाळकसाहेब पुण्याहून येणार, तुमच्या आठवणीची प्रार्थना होणार, मग प्रभुभोजन. त्याआधी किकवीच्या मिशनशाळेचा मास्तर म्हणून मी उभं राहून वाचायचं. तुम्ही ख्रिस्ती कधी झालात, उपदेशक म्हणून किती गावं पायाखाली घातलीत, असं सगळं लिहून मी एक पान भरलं आणि फाडून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाचलं असतं तर तुमच्यासमोर जी लबाडी नऊ वर्षं केली, तीच तुमच्यामागंही चालू ठेवल्यासारखं झालं असतं.

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. अजून शाळा सुटल्यावर मी सवयीनं रस्त्याकडं बघतो. तुमचं ते मळकं पागोटं आणि काखेतली छत्री दिसली की मी मनातल्या मनात वादाची तयारी करायचो. आता तयारी होते आणि समोर कुणीच नसतं.

आपण भांडलो ते एकाच गोष्टीवर, पण किती भांडलो. तुमचं म्हणणं, माणूस पापातच जन्माला येतो. आदामानं केलं ते रक्तातून आपल्यात उतरलं, स्वतःच्या बळावर कुणी त्यातून सुटत नाही, देवाची कृपा झाली तरच सुटका. माझं म्हणणं, मूल कोरं येतं. पाप म्हणजे अज्ञान, दुसरं काही नाही. गावोगाव शाळा काढा, माणसाला शहाणं करा, आज ना उद्या तो पूर्णत्वाला जाईल. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकता आलेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुम्ही चार बुकं शिकलेले, पण मला कधी अडाणी उत्तर दिलं नाहीत.

"मास्तर, लेकरू रांगाय लागलं की न शिकवता काय शिकतं?" तुम्ही विचारायचात. "दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घ्यायला. त्याची शाळा कुठं काढलीया तुमी?"

वेल्ह्याच्या बाजाराची ती फेरी आठवते? नसरापूरवरून गुंजवणीच्या काठानं आपण चालत गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. तोरणा समोर उभा, आणि विहिरीवर आपल्याला कुणी पोहरा लावू देईना. शेवटी एका शेतकरणीनं आपल्याला बांधावर उभं केलं आणि वरून, हात लांब ठेवून, ओंजळीत ताक ओतलं. तोंड पुसून तुम्ही म्हणालात, "बगा मास्तर, ही कृपा. मागितलं न्हवतं, मिळालं." मी म्हटलं, "ही कृपा नव्हे आबा, हा चांगुलपणा. माणूस मुळात चांगला असल्याचा हा पुरावा आहे." तुम्ही म्हणालात, "कृपा बी अशीच वरनं पडती." मी म्हटलं, "तिनं वरून ओतलं ते आपल्याला शिवायला नको म्हणून." ती म्हातारी तांब्या हातात धरून आपल्याकडं बघत राहिली. "आवं, ताक हाय," ती म्हणाली. "गुमान प्या की. भांडताय कशापायी?"

आपण हसलो, आणि परत नसरापूर येईपर्यंत त्याच ताकावर भांडत आलो. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, हे तेव्हा कळलं नाही.

आता ती गोष्ट. तुम्हाला माहीत आहे. ऐकणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सगळी सांगतो.

आमचा पहिला मुलगा सातव्या दिवशी गेला होता. त्यानंतर चार वर्षांनी मार्थाला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत होती, रडायची तेव्हा शाळेपर्यंत ऐकू यायचं. नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं म्हणून आम्ही तिला नुसतं बाय म्हणत होतो. आपल्याकडं पाळकसाहेब तीन महिन्यांनी एकदा येतात, आणि ती जन्मल्यावर आठव्याच दिवशी ते यायचे होते. सगळं जुळून आलं होतं.

आपल्या मुलखात पाचवीला बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहिते. ख्रिस्ती घरात ही रीत बंद. मी तर वर्गात तिची टिंगल करायचो. तुमचीही केली होती एकदा. म्हटलं होतं, "आबा, तुमचा आदाम आणि गावाची सटवाई, फरक काय? दोघंही पोरानं डोळे उघडायच्या आत त्याच्या माथी लिहून मोकळे." मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "फरक लई हाय. सटवीनं लिवल्यालं पुसत न्हाई. ह्ये पुसतं." मी विषय बदलला.

त्या पाचवीला संध्याकाळी मार्था डोळे मिटून पडली होती. मी बाळाकडं बघत बसलो होतो आणि मला एकदम पहिल्याचं तोंड आठवलं. सातव्या दिवसाचं. मग मी काय केलं ते सांगतो. शाळेच्या दप्तरातून रेघांचा एक कोरा कागद काढला, नवा बोरू तासला आणि दोन्ही गोधडीखाली, तिच्या डोक्याशी सरकवले. सटवाईवर माझा विश्वास नव्हता. भीतीला विश्वास लागत नाही. सकाळी कुणी उठायच्या आत काढून घेऊ, असं ठरवलं होतं, आणि सकाळी मी झोपून राहिलो.

तुम्ही आलात प्रार्थना करायला. बाळाला उचललंत आणि गोधडी सरकली. कागद पडला, बोरू घरंगळत माझ्या पायाशी आला. तुम्ही वाकून तो उचललात, उलटसुलट करून पाहिलात.

"ह्ये कुनी ठेवलं?"

मी तोंड उघडलं असेल, नसेल. मार्था अंथरुणातून म्हणाली, "म्या ठेवलं, आबा."

तिनं डोळे मिटले होते पण ती झोपली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. तिनं ते का अंगावर घेतलं हेही कळलं. मिशनच्या मास्तराच्या हातून सटवाई पुजली गेली असं झालं असतं, तर मास्तरकी गेली असती आणि मास्तर गेला की शाळा बंद. अडाणी बाईकडून झालं तर शिक्षा होते आणि विषय मिटतो. तुम्ही तिच्याकडं पाहिलं नाहीत. माझ्याकडं पाहिलंत. बराच वेळ. मी उंबऱ्याकडं बघत होतो. आमच्या उंबऱ्याला डाव्या अंगाला एक तडा आहे, तो मला आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल.

"ठीक," तुम्ही म्हणालात. कागदाची घडी घालून बोरूसकट खिशात टाकलीत आणि गेलात.

रविवारी निकाल झाला. ज्या घरात पाचवी पुजली त्या घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा पुढल्या खेपेला, आणि आईनं तोवर प्रभुभोजन घ्यायचं नाही. पाळकसाहेब मवाळ माणूस, त्यांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही "व्हय, नियम हाय" म्हणालात. तीन महिन्यांचाच प्रश्न होता आणि पोर धडधाकट होती.

नवव्या आठवड्यात तिची छाती भरली. दोन दिवसांत गेली. बिननावाची.

तिला मातीत ठेवलं तेव्हा तुम्ही खड्ड्याच्या पलीकडं उभे होता. मी सगळ्यांदेखत ओरडलो. "आता सांगा आबा. आदामाचं पाप हिला लागलं का? पाणी पडलं नाही डोक्यावर, मग ही गेली कुठं? सांगा ना. एरवी तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

तुम्ही पागोटं काढून हातात धरलं होतं. म्हणालात, "मला ठाव न्हाई, मास्तर."

माणसं म्हणतात त्या दिवशी मास्तरानं आबांना गप्प केलं. मीही तेच समजत होतो. इतकी वर्षं मी तो राग जपला. जन्मपाप ही क्रूर शिकवण आहे, निरागस लेकराला पापी ठरवणाऱ्या धर्माला हृदय नाही, यावर मी मिशनच्या मासिकात तीन लेख लिहिले. त्यातला एकही शब्द मला आज मागं घ्यायचा नाही. मला अजूनही वाटतं की बाय कोरी आली आणि कोरीच गेली. पण ते लेख मी त्यासाठी लिहिले नव्हते. जितका मोठा आवाज तुमच्यावर काढावा तितकं मला घरात शांत वाटायचं. करून सवरून नामानिराळं राहणं म्हणतात ते हेच. मी शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवत होतो आणि घरी जाऊन मार्थाच्या हातची भाकरी खात होतो.

ती निकालाच्या त्या रविवारपासून प्रार्थनामंदिरात दाराशी बसू लागली. शिक्षेची मुदत संपली तरी पुढं आली नाही. ताट तिच्यापर्यंत गेलं की मान हलवायची. मी पहिल्या रांगेत. वर्षातून चारदा तुमच्या घरी आक्का गव्हाची पोळी करायच्या, पाळकसाहेब ती मोडून आशीर्वाद द्यायचे, आणि मंडळीतले वडील म्हणून तुम्ही ते पितळी ताट घेऊन फिरायचात. माझ्यापुढं ते क्षणभर जास्त थांबायचं. मला वाटायचं, म्हातारा डिवचतोय. नास्तिकासारखे लेख लिहितो आणि हात पुढं करतो, असं म्हणतोय. मग मी मुद्दाम ताठ बसून तुकडा उचलायचो. एकदाही चुकलो नाही.

आणि तुमचे बोरू. आपलं बोलणं जवळजवळ तुटलं, वेल्ह्याची वाट तुम्ही एकटे चालू लागलात, पण महिना-दोन महिन्यांनी बोरूंची जुडी घेऊन शाळेत यायचात. "तासून द्या मास्तर, मला जमत न्हाई." मी न बोलता तासायचो. मी तासलेल्या प्रत्येक बोरूच्या मागच्या टोकाला दोन बारीक खाचा पाडायची माझी सवय, शाळेचे बोरू कुणी घरी नेऊ नयेत म्हणून लागलेली. हात आपोआप पाडतो. तुम्ही उभे राहून बघायचात आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचात. "खाचा पाडायला इसरू नका." मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला चळ लागला. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. लोक मला हुशार समजतात.

यंदा युरोपात पुन्हा लढाई पेटल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही मला रस्त्यात गाठलंत. मला वाटलं, आता टोमणा येणार. तुम्ही नुसतं विचारलंत, "मास्तर, ती समदी शिकल्याली मानसं न्हवं?" आवाजात विजय नव्हता. उलट मी काहीतरी बोलून तुमचं समाधान करावं, असं काहीतरी होतं. तुम्हालाही वाटत होतं का, की निदान या एका बाबतीत मी बरोबर निघावं?

आणि शेवटचं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी भेटायला आलो, लोकलाजेस्तव. आक्का चूल पेटवायला आत गेल्या. तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात तापानं भाजत होता. "मास्तर," तुम्ही म्हणालात, "काई बोलायचं ऱ्हायलंय का?"

मी म्हणालो, "नाही आबा. तुम्ही आराम करा."

तुम्ही हात सोडला नाहीत. मग आक्का आल्या आणि मी सुटलो.

तुम्हाला मातीत ठेवून आम्ही घरी आलो. मी हातपाय धुऊन बसलो होतो. मार्था म्हणाली, "आबा बी खात न्हवते."

"काय?"

"परभूची भाकर. मला मागनं दिसायचं. समद्यास्नी द्यायचे, शेवटाला सोताचा तुकडा उचलायचे आन् मुठीत धरायचे. भाईर गेल्यावर कुंपनापाशी पाखरांना टाकायचे."

"कधीपासून?"

"बाय गेल्यापास्नं."

मी तिला म्हणालो, मला हे कधी बोलली नाहीस. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमी तरी कुठं काय बोलला?" एवढंच म्हणाली, आणि मग आम्ही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी तुमची लाकडी पेटी शाळेत पाठवली. त्यातले बोरू पोरांना उपयोगी पडतील म्हणून. झिजलेले, चिरलेले, शाईनं काळे झालेले वीस-पंचवीस बोरू. तळाशी एक, रेघांच्या कागदात गुंडाळलेला. त्याला शाई कधी लागली नव्हती. मागच्या टोकाला दोन खाचा.

म्हणजे तुम्हाला त्या सकाळीच कळलं होतं. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात तेव्हाच. मार्था खोटं बोलतेय हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी बोलतो का याची तुम्ही वाट पाहिलीत, त्या सकाळी, त्या रविवारी, त्यानंतर प्रत्येक ताटाला आणि प्रत्येक जुडीला. मी बोललो नाही, आणि माझी शाळा राहावी म्हणून तुम्ही एका निरपराध बाईला शिक्षा होऊ दिलीत. त्या शिक्षेत एक पोर बिननावाची गेली. त्याबद्दल तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, फक्त स्वतःचा घास बंद केलात.

तुमच्यावर मला आजही राग आहे आबा, हेही इथं सांगून टाकतो. तुम्ही मला चव्हाट्यावर ओढायला हवं होतं. "मास्तर, ह्यो बोरू तुमचा" एवढे चार शब्द. पोरीला पाणी मिळालं असतं, नाव मिळालं असतं. नियमाचे इतके पक्के तुम्ही, आणि नेमके तिथंच मऊ पडलात. तुम्ही तरी काय, आदामाचेच. हे लिहिताना मला हसू येतं आणि मग लिहवत नाही.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही, आणि ती तुम्हालाच विचारायला हवी होती. ही भाकर पापी माणसासाठीच आहे, धुतल्या तांदळासारख्यांना तिची गरज नाही, असं तुम्ही वेल्ह्याच्या बाजारात घसा फोडून सांगायचात. मग स्वतः का नाही खाल्लीत? पुसतं म्हणाला होतात ना? दुसऱ्याचं पुसतं आणि आपलं पुसत नाही, असं कुठं असतं का? आणि मी, माणूस पूर्णत्वाला जाऊ शकतो म्हणणारा, प्रत्येक खेपेला हात पुढं करून तुमच्याच ताटातून खात होतो. माणसाकडून चूक होऊच नये असा माझा हट्ट होता, म्हणून मला माझी एक कबूल करता आली नाही. तुमची शिकवण मला आजही पटत नाही. पण तिच्यात मला उभं राहायला जागा होती, माझ्या शिकवणीत नव्हती.

हे सगळं मी त्याच बोरूनं लिहिलं. टोक छान चालतं, इतकी वर्षं कोरडं राहूनही. तो रेघांचा कागद मात्र तसाच ठेवलाय. त्याच्यावर काय लिहावं ते मला सुचत नाही.

काल मार्थाला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. शेवटी विचारलं, "शाळा जाईल न्हवं?" मी म्हटलं, बहुधा जाईल. "मग पोरांनी कुठं जायाचं?" ती म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडंही नव्हतं, म्हणून तर तुम्ही गप्प बसलात. पण मी आता गप्प बसलो तर ताट पुन्हा माझ्यापुढं येणार, आणि ते हातात घेऊन थांबणारं कुणी उरलेलं नाही.

मी तिला म्हटलं, रविवारी तू पुढं येऊन बस. तिनं मान हलवली. "माजी जागा दाराशी हाय. तुमीच या तिकडं."

तेव्हा परवा हे वाचून झालं की मी पहिल्या रांगेत परतणार नाही. दाराशी जाऊन बसेन. पाळकसाहेब पोळी मोडतील, तुमच्या जागी दुसरं कुणीतरी ताट फिरवील, आणि फिरत फिरत ते माझ्यापर्यंत येईल. तुम्ही थांबायचात तेवढा वेळ मी ते धरून ठेवीन. मग काही न उचलता पुढं देईन. पुढं मार्था बसलेली असेल.